मरळ की बोफिन? आधी मासा उलटा करा

प्रेषक: अ. (मेकन, जॉर्जिया, अमेरिका)
विषय: बासच्या गळाला मरळ?

मंडळी, नमस्कार.

मेकनच्या दक्षिणेला एका तळ्यावर बास या इथल्या शिकारी माशासाठी गळ टाकला होता. कमळाच्या पानांची कड, चारेक फूट पाणी, टेक्सास रिगवर (गळाचं टोक आमिषात लपवायची मांडणी) काळा प्लास्टिकचा गांडूळ. लागला तो बास नव्हे. लांबी 26 इंच, वजन 6 पौंडांच्या आसपास. अंग लांबट गोल, रंग शेवाळी, शेपटी गोलसर, पाठीवर शेपटीपर्यंत गेलेला एकच लांब पंख. शेपटीच्या बुडाशी वरच्या अंगाला काळा ठिपका आणि त्याभोवती नारिंगी कडं. पाण्याबाहेरही बराच वेळ जिवंत होता. मला तर थेट गंगापूर धरणाची मरळ वाटली.

जॉर्जियात स्नेकहेड, म्हणजे आपल्या मरळीचं कूळ, सापडलं तर परत सोडू नका असं सांगतात. म्हणून बर्फात ठेवला आहे. फोटो जोडले आहेत. सध्या नाशकात असलेल्या मंडळींनी कृपया पाहावं.

---

प्रेषक: र. (इंदिरानगर, नाशिक)
विषय: उत्तर: बासच्या गळाला मरळ?

शेपटीवर डोळ्यासारखा ठिपका आहे ना? मग बोफिन, तुमच्या अमेरिकेतलाच मरळीसारखा दिसणारा मासा. स्नेकहेडला तो नसतो. निर्धास्त राहा.

---

प्रेषक: ब. (गंगापूर रोड, नाशिक)
विषय: उत्तर: बासच्या गळाला मरळ?

र., तुमचं उत्तर बहुधा बरोबर आहे, पण कारण चुकीचं आहे. या बाबतीत चुकीचं कारण महागात पडतं.

नॉर्दर्न स्नेकहेड नावाच्या जातीला, चन्ना आर्गसला, तो ठिपका नसतो हे खरं. पण आपली मोठी मरळ, चन्ना मारुलियस, हिच्या शेपटीच्या बुडाशीही असाच कडं असलेला डोळा असतो. लहानपणी ठळक, मोठेपणी पुष्कळदा पुसट. ही आपली मरळ, किंवा तिच्या अगदी जवळची जात, 2000 साली फ्लोरिडात सापडली आणि आता तिथे मुक्कामाला आहे. इंग्रजीत तिला बुल्सआय म्हणतात ते याच डोळ्यावरून. उलट बोफिनच्या मादीला ठिपका अगदी फिका असतो किंवा नसतोच. म्हणजे ठिपका असला तरी बोफिनच असं नाही, आणि नसला तरी स्नेकहेड असं नाही.

पाण्याबाहेर टिकला, हीसुद्धा खूण नव्हे. दोघंही हवा घेतात. बोफिन हवेच्या पिशवीतून, मरळ कल्ल्यांच्या वरच्या पोकळीतून. मरळ बाजारात टबमध्ये जिवंत विकतात ती त्याच जोरावर.

तेव्हा अ., मासा उताणा करा आणि खालून पाहा.

सगळ्यात आधी शेपटीजवळचा पोटाकडचा पंख. बोफिनचा हा पंख आखूड असतो, पाठीच्या पंखाच्या पावभर. मरळीचा लांब, पाठीच्या पंखाच्या निम्म्याहून जास्त, शेपटीकडे पसरत गेलेला. फोटोवरून निकाल द्यायचा तर मी याच खुणेवर देतो. मोजपट्टी ठेवून आडवा फोटो काढला की वादच उरत नाही.

मग पोटावरची पंखांची जोडी. बोफिनची ही जोडी पोटाच्या मध्यावर असते. मरळीची पार पुढे, कल्ल्यांमागच्या पंखांच्या खालीच.

आणि हनुवटी. खालच्या जबड्याच्या दोन फांद्यांमध्ये बोट फिरवा (मासा मेलेला असेल तरच!). बोफिनला तिथे हाडाची सपाट फळी लागते, मरळीला नाही. डोकंही चाचपा. मरळीच्या डोक्यावर मोठाले खवले असतात, म्हणूनच ते सापासारखं दिसतं. बोफिनचं डोकं बिनखवल्यांचं, नुसतं हाड.

तुमच्या फोटोत मासा एका कुशीवर आहे आणि खालचा पंख बर्फात गाडला गेला आहे. त्यामुळे मी ठाम सांगत नाही.

स्नेकहेड निघाला तर काय करायचं, हे जॉर्जियाच्या वन्यजीव खात्याने स्पष्ट सांगितलं आहे: सोडू नका, लगेच मारा, गोठवा, तोंड, पंख आणि शेपटी यांचे जवळून फोटो घ्या, जागा नोंदवा आणि कळवा. 2019 मध्ये ग्विनेट काउंटीतल्या एका तळ्यात तो सापडला, तेव्हापासून ते डोळ्यांत तेल घालून आहेत. तिथे परवान्याशिवाय तो बाळगणंसुद्धा बेकायदा आहे. इकडून कुणी गंमत म्हणून पिल्लं नेण्याचा विचारही करू नये. मेरिलंडमधल्या क्रॉफ्टनच्या तळ्यात 2002 साली गाजलेलं प्रकरण जिवंत विकत आणलेले दोनच मासे तळ्यात सोडल्याने सुरू झालं. शेवटी त्या पाण्यात विष घालावं लागलं.

---

प्रेषक: अ. (मेकन)
विषय: उत्तर: उत्तर: बासच्या गळाला मरळ?

काका, उलटा केला. शेपटीजवळचा पंख साडेतीन इंच, पाठीचा साडेतेरा. पोटावरची जोडी बरोबर मध्यावर. हनुवटीखाली फळी लागली.

म्हणजे बोफिन नर. दोन प्रश्न: पुढच्या वेळी लागला तर हाताळायचा कसा? आणि आता बर्फातल्याचं काय करू? कालवण होईल का?

---

प्रेषक: ब. (गंगापूर रोड)

मोजमाप चोख आहे. बोफिनच. तुमच्याकडचा मूळ रहिवासी आहे, डायनोसॉरांच्या काळापासूनच्या घराण्यातला. बास खाऊन तळी ओस पाडतो म्हणून लोक त्याला काठावर फेकतात, तो निव्वळ राग आहे. पुन्हा लागला तर सोडून द्या.

हाताळताना एकच चूक सगळे करतात: बाससारखा अंगठा तोंडात घालतात. बासचे दात काचकागदासारखे खरखरीत असतात, बोफिनचे खरेखुरे टोकदार सुळे. अंगठा फाटतो. रबरी जाळीत घ्या, जाळी पाण्यातच ठेवा, लांब चोचीच्या पकडीने गळ काढा. खोल गिळला असेल तर ओढाओढ न करता दोर तोंडाजवळ कापा.

बोफिन अंगाभोवती गिरक्या घेतो, त्यामुळे दोर पिळतो आणि घासतो. मासा गेल्यावर शेवटचा दोनेक मीटर दोर कापून गाठ नव्याने बांधा. पुढचा बास तुटून जातो तो बहुधा याच आळसामुळे.

---

प्रेषक: स. (मखमलाबाद)

कालवणाचं मी सांगते. मरळीचं मांस घट्ट, कालवणात तुकडा तुटत नाही. ते डोक्यात ठेवून बोफिन शिजवलात तर रश्शात लगदा होईल. त्याचं मांस मऊ, मेल्यावर भराभर सैल पडतं आणि गोठवल्यावर आणखी बिघडतं. खायचाच असेल तर पकडल्याबरोबर कल्ल्याशी कापून रक्त काढायचं, साफ करून बर्फात, आणि त्याच दिवशी चुलीवर. तोही कालवणात नाही. मांस खरवडून आलं-लसूण, हिरवी मिरची, कोथिंबीर, थोडं बेसन घालून वडे तळावेत. लुइझियानात त्याला शूपिक म्हणतात आणि गाभोळीचं खारवलेलं कॅव्हियार विकतात, पण तुमचा नर आहे, तो विषय मिटला.

आणखी एक. जॉर्जियाच्या दक्षिणेकडच्या काही पाण्यांतल्या बोफिनमध्ये पाऱ्याचं प्रमाण जास्त असल्याचे इशारे आहेत. राज्याच्या मासे खाण्याच्या मार्गदर्शिकेत त्या तळ्याचं नाव बघा. घरात लहान मूल किंवा गरोदर बाई असेल तर बघण्याच्याही भानगडीत न पडता सोडून द्या.

साफ न करता रात्रभर बर्फात असेल तर मी तो खाणार नाही. परसात दीड फूट खोल पुरा, वर दगड ठेवा, नाहीतर रॅकून उकरतील.