प्रा. दिनेश मोहन आणि कडबाकुट्टी

'आपल्याकडे लोकांना शिस्तच नाही, म्हणून रस्त्यावर माणसं मरतात' असं बरेच जण म्हणतात. २०२१मध्ये कोविडने गेलेले रस्ता-सुरक्षेचे अभ्यासक प्रा. दिनेश मोहन यांनी हयातभर याच समजुतीशी भांडण केलं, म्हणून त्यांच्याविषयी थोडं लिहितो.

आयआयटी मुंबईत मेकॅनिकल इंजिनिअरिंग, मिशिगनमध्ये बायोइंजिनिअरिंगची पीएचडी, १९७९पासून आयआयटी दिल्ली. मला त्यांचं सर्वात आवडणारं काम मात्र रस्त्यावरचं नाही. उत्तरेतल्या खेड्यांत कडबाकुट्टीत (गुरांचा चारा बारीक कापायच्या यंत्रात) माणसांची, त्यातही लहान पोरांची, बोटं तुटत. 'सांभाळून वापरा' असं सांगून न थांबता त्यांच्या गटाने यंत्राची रचनाच बदलायला घेतली.

रस्त्यालाही त्यांनी तोच न्याय लावला. माणूस चुकणारच. वेग दुप्पट झाला की धडकेतली ऊर्जा चौपट होते. ताशी ३० किमीच्या धडकेतून बहुतेक पादचारी वाचतात, ५०च्या पुढे ती आशा झपाट्याने घटते. मग वस्तीतल्या रस्त्याची आखणीच अशी हवी, की गाडी पळवता येऊ नये. पोलीस काय, चौकात उभा असेल तेवढ्यापुरताच.

त्यांच्या आणि आयआयटी दिल्लीतल्याच त्यांच्या सहकारी गीतम तिवारींच्या प्रयत्नांतून आलेली दिल्लीची बीआरटी (बससाठी रस्त्यात राखून ठेवलेली मार्गिका) २००८ला सुरू झाली आणि २०१६मध्ये उखडली गेली. बसमध्ये माणसं जास्त, पण ओरडा गाडीवाल्यांचा मोठा! (पुणेकरांना वेगळं सांगायला नको.) मेट्रोला त्यांचा असलेला विरोध मात्र मला जरा टोकाचा वाटतो, मुंबईसारख्या शहराचं निव्वळ बसवर भागणार नाही.