'लेस'ला 'फ्यूअर' आहे, मग 'मोर'ला जोडीदार का नाही?

प्रश्न
मोजता येणाऱ्या वस्तू कमी असल्या तर 'फ्यूअर', नाहीतर 'लेस', असं इंग्रजीत शिकवतात. मग जास्त म्हणताना दोन्हीकडे 'मोर' कसा चालतो? आपल्याकडे पाणीही कमी आणि माणसंही कमी, त्यामुळे हा भेद पटकन अंगवळणी पडत नाही. शिवाय 'लेसर' कुठे वापरायचा?

उत्तर 1
जोडीदार होता! जुन्या इंग्रजीत 'मारा' म्हणजे आकाराने मोठा. त्याचा 'मोर' झाला. 'मा' हा वेगळा शब्द, त्याचा 'मो' झाला आणि तो पुढे संख्येसाठी वापरला जाऊ लागला: पाणी 'मोर', माणसं 'मो'. शेक्सपिअरच्या काळच्या छापील पुस्तकांत 'मो' सापडतो, नंतर तो मागे पडला. त्याने नुकसानही झालं. 'मोर डिफिकल्ट क्वेश्चन्स' म्हणजे जास्त अवघड प्रश्न, की अवघड प्रश्नच संख्येने जास्त? (मराठीतही हाच घोळ होतो.) 'लेस डिफिकल्ट' आणि 'फ्यूअर डिफिकल्ट' यांत मात्र असा गोंधळ नाही, म्हणून हा भेद पाळण्यात अर्थ आहे.

उत्तर 2
वरच्या उत्तराशी सहमत, पण 'लेस' अनेकवचनापुढे आला की चूकच, हे मला मान्य नाही. नवव्या शतकात इंग्लंडमध्ये होऊन गेलेल्या राजा आल्फ्रेडच्या काळापासून तो तसा येतो. तेव्हा पुढचं नाम षष्ठीत असे, म्हणजे 'शब्दांपैकी कमी'. प्रत्यय झिजले आणि 'लेस'पुढे नुसतं अनेकवचन उरलं. 1770 मध्ये इंग्रजीच्या वापरावर लिहिणारे लेखक रॉबर्ट बेकर यांनी 'फ्यूअर' अधिक योग्य वाटतो असं लिहिलं. एकाची पसंती पुढे व्याकरणाचा नियम होऊन बसली.

लिहिताना एवढं बघा: अंतर, वेळ, पैसा, वजन यांचा आकडा एकच माप समजला जातो, म्हणून 5 किलोमीटर किंवा 2 तासांसाठी 'लेस दॅन'. तिथे 'फ्यूअर' घातला की वाक्य अवघडतं. सुटी माणसं, चुका, पानं असतील तर औपचारिक लेखनात 'फ्यूअर'. एकच कमी असेल तर 'वन लेस'.

उत्तर 3
'लेसर' म्हणजे आधीच तुलनादर्शक असलेल्या 'लेस'ला पुन्हा 'अर' जोडलेला. तो नामाआधी येतो आणि दर्जा किंवा महत्त्व कमी असल्याचं सांगतो, प्रमाणासाठी 'लेस'च. आणि 'अनलेस'मधला 'अन' नकाराचा नाही बरं का. मूळ 'ऑन लेस दॅन', म्हणजे 'याहून कमी अटीवर'.