अनुभव धागा : वाळवंटात हिवाळी मुक्काम, स्वतःच्या गाडीत

मंडळी, जानेवारीत पुन्हा जैसलमेरकडे जायचं घाटतंय. हॉटेल नाही, तिथल्या सम गावच्या वाळूच्या टेकड्यांवरचे लाइटिंगवाले तंबू नाहीत. पिकअप न्यायची, रस्ता सोडायचा आणि जिथे नळ, वीज, संडास यातलं काहीच नाही अशा ठिकाणी तीन-चार रात्री काढायच्या. असं राहून आलेले पुण्यात बरेच आहेत असं कळलं, म्हणून हा धागा. यूट्यूबवर पाहिलेलं नको, स्वतःचं लिहा. फजितीला प्राधान्य.

सुरुवात माझ्यापासून. गेल्या वर्षी वारज्याहून पहाटे चारला निघालो. अहमदाबादला मुक्काम, दुसऱ्या दिवशी पालनपूर, सांचोर, बाडमेर करत जैसलमेर. बाराशेच्या आसपास किलोमीटर होतात. गाडीची तयारी सहा महिने चालली होती. हौद्यात प्लायवुडचे कप्पे, त्यावर झोपायची जागा, वर लोखंडी सांगाडा आणि ताडपत्री. सोसायटीतली पोरं येऊन बघून जायची.

रात्रीबद्दल मात्र मला कोणी सांगितलं नव्हतं. डिसेंबरअखेर तिथे सहाला सूर्य बुडतो आणि सकाळी साडेसातच्या सुमारास उगवतो. म्हणजे साडेतेरा तास अंधार. सातला जेवलो, भांडी वाळूने घासली, बदामसातचे चार डाव झाले, जुनी भांडणं उकरून झाली. घड्याळ बघतो तर पावणेनऊ.

आणि थंडी. दुपारी हाफ शर्टात फिरत होतो, रात्री बाराला थर्मामीटरवर ४ अंश. हवेत ओल नाही, आकाशात ढग नाही, वाळूला दिवसाची ऊब धरून ठेवता येत नाही. पाषाणला सात-आठ अंशांत फिरायला जाणाऱ्या माणसाला चार अंशांचं काय, असा माझा हिशेब होता. पण थंडी आली ती खालून. हौद्याचा पत्रा, त्याखाली मोकळा वारा, मध्ये बोटभर प्लाय. तीन रग अंगावर आणि अंगाखाली एक चादर, असा शहाणपणा. पहाटे तीनला दोन रग खाली घातले तेव्हा कुठे डोळा लागला. तोवर ताडपत्रीला आतून आमच्याच श्वासाचं पाणी जमलेलं. ते पिंडीवरच्या अभिषेकपात्रासारखं थेंब थेंब नेमकं माझ्या कपाळावर. तेव्हापासून मागे चार बोटं फट ठेवतो, थंडी वाजली तरी.

लिहा आता.

*

कोथरूडकर

फजिती मागितलीत म्हणून लिहितो. दोन वर्षांपूर्वी, जैसलमेरजवळच्या खुडी गावाच्या पुढे. एकच गाडी घेऊन गेलो, ही पहिली चूक. दुपारचे तीन, ही दुसरी. समोर जेमतेम दुमजली बंगल्याएवढी टेकडी. मित्र म्हणाला, "चढावर गिअर बदलू नकोस." मी बदलला. गाडी थांबली, मी घाबरून अ‍ॅक्सिलरेटर दाबला आणि चारही चाकं एक्सलपर्यंत आत.

जॅक लावला तर गाडी वर यायच्या ऐवजी जॅकच खाली जायला लागला. मग फावडं. तासभर उपसली. रव्याच्या डब्यात बोटाने खड्डा करून बघा, तसंच. जितकी काढाल तितकी बाजूने घरंगळत परत येते.

तेवढ्यात शेळ्या घेऊन एक म्हातारबाबा आले. उकिडवे बसले, बिडी पेटवली, दहा मिनिटं आमचा तमाशा बघितला. मग एकच शब्द बोलले, "हवा." आम्हाला वाटलं वाऱ्याबद्दल काही सांगतायत. ते उठले, एक काडी उचलली, पुढच्या टायरच्या व्हॉल्व्हमध्ये खुपसली. फिस्स. आम्ही एकमेकांकडे बघत राहिलो. चारही टायरांची हवा त्यांनी कानाने मोजून सोडली. नंतर पंक्चरवाल्याकडे गेज लावलं तर ३२ वरून १६-१७ वर आली होती. हवा कमी झाली की टायर लांबट पसरतो, वजन जास्त वाळूवर वाटलं जातं आणि चाक खणत बसत नाही. हे मला आता समजावून सांगता येतं. बाबांना सांगायची गरजच वाटली नाही.

चाकांपुढे गाडीतल्या रबरी मॅट उलट्या घातल्या, लो रेंजमध्ये दुसरा गिअर, स्टिअरिंग सरळ, पायाला अजिबात घाई नाही. निघाली. पंप नव्हता, त्यामुळे गावापर्यंत बैलगाडीच्या चालीने.

बाबांनी पैसे घेतले नाहीत. बाकरवडीचं पाकीट घेतलं, एक खाल्ली, उरलेली शेळीला घातली. पुणेकरांनी मनाला लावून घेऊ नये.

आता माझ्याकडे गेज असतं, बारा व्होल्टचा पंप असतो आणि जॅकखाली घालायला टिंबर मार्केटमधून आणलेली दीड फुटाची जाड फळी असते. १५ च्या खाली मी जात नाही, वळताना टायर रिमवरून निसटतो. टेकड्या सकाळीच चढाव्या, रात्रीच्या गारव्याने आणि दवाने वाळू आवळलेली असते. वाऱ्याकडची बाजू टणक, पाठीमागची भुसभुशीत. आणि टेकडीवर आडवं कधीच जाऊ नका. चढायचं तेही सरळ, उतरायचं तेही सरळ.

*

सहकारनगरहून

मी दोनदा जाऊन आले, एकदा नवऱ्याबरोबर, एकदा आम्ही तिघी मैत्रिणी आणि एक ओळखीचे ड्रायव्हरकाका. परत आल्यावर बायका पहिला प्रश्न हळू आवाजात विचारतात, "आणि *ते* कसं गं?" तर सांगते.

सपाट जागेत आडोसा नावाची गोष्ट नसते. झुडूप असलंच तर गुडघ्याएवढं. आम्ही आंघोळीसाठी मिळतो तसला उभा, दांड्यांचा छोटा तंबू नेला होता. वीतभराहून खोल खड्डा, बाजूला खुरपं. कोरड्या वाळूत काही लवकर कुजत नाही आणि वारा दोन दिवसांत सगळं उघडं पाडतो, म्हणून कागद आणि पॅड पुरायचे नाहीत. रंगाचा रिकामा डबा, घट्ट झाकणाचा, त्यात भरून परत आणायचे. ऐकायला कसंतरी वाटतं, करायला काहीच नाही.

पाणी माणशी दिवसाला पाच लिटर, पिणं आणि स्वयंपाक मिळून, आणि वर एका दिवसाचं जास्तीचं. आंघोळ विसरा. पहिल्या खेपेला शहाण्यासारखा वीस लिटरचा जार नेला. खड्ड्यात गाडी उसळली, जार आडवा, झाकण निघालं, सगळी पांघरुणं ओली आणि बाहेर पाच अंश. आता पाच-पाच लिटरचे कॅन.

आणखी एक, जे कोणी सांगत नाही. भुरट. गवताचं काटेरी बोंड, ज्वारीच्या दाण्याएवढं. लोकरीच्या मोज्यांना लागलं की सुटत नाही, बोटाने काढायला जावं तर बोटात. मैत्रिणीने पहिल्या संध्याकाळी शाल जमिनीवर अंथरली. मग रात्रभर आम्ही तिघी हेडलॅम्प लावून भुवया कोरायच्या चिमट्याने शाल निवडत बसलो, तांदळातले खडे निवडावे तशी. साडेतेरा तासांची रात्र कशी घालवायची, हे धागाकर्त्यांनी विचारलं होतं ना!

*

बिबवेवाडी, स्वयंपाकखातं

छोटं लिहितो. शेगडीला बसणारे ते छोटे गॅसचे डबे नेणार असाल तर बुटेन की मिश्रण ते बघून घ्या. नुसतं बुटेन शून्याच्या किंचित खाली उकळतं, त्यामुळे तीन-चार अंशांत डब्यातला गॅस वायू व्हायलाच कंटाळा करतो. आमच्या चहाला पहाटे पन्नास मिनिटं लागली, ज्योत देवघरातल्या निरांजनाएवढी. दुसऱ्या रात्री डबा पांघरुणात घेऊन झोपलो, सकाळी ठणठणीत पेटला. भर ज्योतीवर डबा तापवायचा प्रयोग मात्र कोणी करू नये. जेवणाला मेतकूट-भात. भांडं एक, तक्रार शून्य.

*

गुपचूप वाचक

एवढं बाराशे किलोमीटर जाऊन थंडीत कुडकुडायचं? ताम्हिणीत जा की.

कोथरूडकर

ताम्हिणीत शनिवारी गाडी लावायला जागा मिळाली तर नक्की.

*

जुना जिप्सीवाला, औंध

मी सत्तरीत आहे. वाळवंट म्हणजे वाळूच असं कोणी सांगितलं? कच्छच्या छोट्या रणाचा अनुभव लिहितो.

तिथे पावसाळ्यात पाणी भरतं आणि हिवाळ्यात वरचा थर वाळून फरशीसारखा होतो, भेगाळलेला. नजर पोचेल तिथवर सपाट. माणसाला वाटतं, चला सुसाट. खाली मात्र चिखल तसाच असतो. आम्ही मळलेली चाकोरी सोडून फक्त तीस-चाळीस फूट बाजूला गेलो, चहा करायला. मागचं डावं चाक साय फुटावी तसं आत गेलं आणि खालून काळा, खारट वासाचा चिखल वर आला. इथे हवा कमी करून भागत नाही. जेवढं चाक फिरवाल तेवढं ते आत जातं.

सकाळची वेळ, त्यात धुकं उतरलेलं. वीस पावलांवर आपलीच गाडी दिसेना. दिशा कळेना म्हणून मी कोणाला हलू दिलं नाही. दहाच्या सुमाराला धुकं विरलं आणि दूर मिठागराचा पंप ऐकू आला. अगरिया कुटुंब होतं. पाऊस सरला की ही मंडळी रणात उतरतात, खड्डे खणून खारं पाणी उपसतात आणि उन्हाळ्यापर्यंत तिथेच मीठ पिकवतात. त्यांनी ट्रॅक्टर आणला, पण आमच्या जवळ नाही आणला. चाकोरीवरच उभा केला आणि लांब दोर टाकला. ही अक्कल आम्हाला नव्हती.

त्यांच्या झोपडीत चहा झाला. घरच्या बाईंनी विचारलं, रात्री कुठे झोपता? म्हटलं, गाडीत. "घर नथी?" पुण्यात चार खोल्यांचा फ्लॅट आहे हे सांगितल्यावर त्या जास्तच काळजीत पडल्या.

छोटं रण म्हणजे घुडखरांचं, म्हणजे रानगाढवांचं, अभयारण्य, जवळजवळ पाच हजार चौरस किलोमीटर. मनाला येईल तिथे मुक्काम ठोकता येत नाही, वनखात्याला विचारायचं. आम्ही नंतर कडेच्या गावालगत राहिलो आणि वाटाड्या घेतला. स्थानिक वाटाड्याशिवाय रणात चाक घालू नका. हे मी हात जोडून सांगतोय.

*

चिंचवडहून, एक बाप

हे लिहायचं की नाही, असं आठवडाभर चाललं होतं.

मुलगा नऊ वर्षांचा. थंडी फार म्हणून जेवणानंतरची कोळशाची शेगडी, निखारे विझत आलेत असं समजून, मी गाडीच्या मागच्या भागात ठेवली आणि काचा बंद केल्या. छान ऊब आली. धूर नाही, वास नाही. तासाभराने मुलगा म्हणाला, "बाबा, डोकं दुखतंय, मळमळतंय." मला वाटलं प्रवासाने. बायको दवाखान्यात काम करते. ती झोपेतून ताडकन उठली, आधी दार उघडलं, मुलाला उचलून बाहेर नेलं, मग माझ्यावर ओरडली. मी उठायला गेलो तर पाय लटपटत होते.

कार्बन मोनॉक्साइड. रक्तातल्या हिमोग्लोबिनला तो प्राणवायूपेक्षा दोनशेहून अधिक पट घट्ट चिकटतो. धुमसते निखारे तर तो जास्तच सोडतात. इंजिन चालू ठेवून हीटरवर झोपणारे आहेत, त्यांनाही हेच लागू. वाळूत सायलेन्सर बुजला असेल तर विचारूच नका. शेगडी बाहेर, निखारे बाहेर, इंजिन बंद. ऊब हवी तर गरम पाण्याची रबरी पिशवी.

मुलगा बरा आहे. पुढची सहल कधी म्हणून विचारतो. मी अजून हो म्हटलेलं नाही.

*

एरंडवणे

वरचं वाचून दोन मिनिटं काही लिहवेना. दादा, लिहिलंत ते फार बरं केलंत.

माझं थोडं रूक्ष आहे, पण कामाचं. सम-खुडीच्या बाजूचा मोठा मुलूख डेझर्ट नॅशनल पार्कात येतो, ३१६२ चौरस किलोमीटर. माळढोकाचं शेवटचं मोठं ठाणं तेच. तिकडे त्याला गोडावण म्हणतात. सोलापूरजवळच्या नान्नजला माळढोकाची वाट बघून ज्यांचे डोळे शिणले, त्यांना वेगळं सांगायला नको. हा पक्षी जमिनीवर अंडं घालतो, तुमचं चाक कशावरून जातंय ते तुम्हाला वरून दिसत नाही. तेव्हा पार्कात रस्ता सोडायचा नाही. सीमेलगतच्या पट्ट्यातही बाहेरच्यांना परवानगी लागते. ड्रोन घरी ठेवा. परदेशातल्या भावाने दिलेला सॅटेलाइट फोन तर नकोच, आपल्याकडे परवान्याशिवाय तो बाळगणं गुन्हा आहे.

मग राहायचं कुठे? ढाणीवर, म्हणजे शेतातल्या वस्तीवर, जाऊन विचारायचं. पडीक शेत कोणाचं तरी असतंच. आम्हाला एकदाही नाही म्हणाले नाहीत, फक्त एका आजोबांनी समोरच्या झाडीकडे बोट दाखवून सांगितलं, तिथली काटकी उचलायची नाही. ओरण होतं ते, म्हणजे आपली देवराई. सरपण गावातून विकत घ्या. खेजडीच्या, म्हणजे आपल्या शमीच्या, फांदीला हात लावायचा तर बिष्णोईंचं खेजडली गाव आठवा. १७३० मध्ये त्या झाडांसाठी ३६३ माणसांनी जीव दिला.

आणि रात्र लांब म्हणून रडू नका हो. मध्यरात्री गाडीच्या टपावर आडवं व्हा. ध्रुव आपल्यापेक्षा आठ अंश वर दिसतो, आणि पुण्यातून दक्षिणेला चांगला वर येणारा अगस्ती तिथे जेमतेम दहा अंशांवर, क्षितिजाला टेकल्यासारखा. आपण किती उत्तरेला आलोय ते नकाशापेक्षा असं जास्त कळतं.

*

धागाकर्ता

सगळ्यांचं वाचलं. चिंचवडच्या दादांचं घरी मोठ्याने वाचून दाखवलं, हौद्यातली शेगडी बायकोने त्याच रात्री माळ्यावर टाकली. हौद्याच्या पत्र्यावर जाड फोमचा थर घातलाय. जार गेले, कॅन आले. रंगाचा डबाही आलाय, त्यावर मुलीने मार्करने कवटी काढलीय.

काका, रण पुढच्या वर्षी, तुम्ही येणार असाल तरच.

संक्रांत झाली की दुसऱ्या दिवशी पहाटे निघतो. सोबतीला दुसरी गाडी हवी आहे, फोर बाय फोर आणि पंप असलेली. गुळपोळ्या आमच्याकडून.

कोथरूडकर

मी येतो. पंप आहे, फळी आहे. तूप कोण आणतंय?