शब्दचर्चा: 'कसनुसं हसणं', 'दात काढणं' आणि आमचं 'हासा लागते'

मागच्या आठवड्यात आमच्या गावात, दारव्हा तालुक्यात, पोरगी पाहायचा कार्यक्रम होता, चहा-पोहे झाले अन् पोराचे वडील म्हणाले, "आमचा पोरगा लाइनमन हाय, घरात उजेड त्यानंच पाडला." तिसऱ्यांदा. तरी अख्खी बैठक हसली, मामाजी तर मांडीवर थाप मारून. आत आत्याबाई पदरानं तोंड पुसत म्हणाली, "हासा लागते बाप्पा," म्हणजे हसावं लागतं. या हसण्याला नेमका शब्द कोणता? कसनुसं हसणं म्हणावं तर त्यात अवघडलेपण तोंडावर दिसते, इथं तसं काही नव्हतं. दात काढणं हा रागावून बोलायचा शब्द. नाट्यशास्त्रात स्मित, हसित, विहसित, उपहसित, अपहसित, अतिहसित असे 6 प्रकार आहेत, पण हसू कोणासाठी हसलं ते त्यातून कळत नाही.

अकोल्याहून आलेलं उत्तर: असा जोक म्हणजे पानचट, पुस्तकात पाणचट. पाणी जास्त झालेलं ताक, वरण, तेच जोकला. लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजात सोफी स्कॉट यांच्या टीमनं 2019 मधे असे 40 पानचट जोक घेऊन त्यांच्यामागे हसण्याचे आवाज जोडले, तर तेच जोक लोकायले जास्त मजेदार वाटले, अन् हसू आपोआप आलेलं असलं तर अजूनच. म्हणजे मामाजीची थाप पडली तिथंच बैठकीचं काम झालं.

वाशीमहून आलेलं उत्तर: खोटं हसणं म्हणू नका जी, मले तो शब्द लागते. रॉबर्ट प्रोव्हाइन नावाच्या अमेरिकन संशोधकानं गप्पा मारणाऱ्या लोकांचं हसणं टिपलं, तर बहुतेक हसू जोकवर नव्हतंच, "बरं, भेटू मंग" असल्या साध्या बोलण्यावर होतं. आमच्याकडं म्हणतात मन राखलं. तेच बरोबर.

पुन्हा दारव्ह्याहून: मन राखणं पटलं. पण मले आत्याबाईचं 'लागते' जास्त जवळचं वाटते, कारण त्यात जबरदस्ती नाही, "पाव्हण्याले चहा द्या लागते" म्हणतो ना आपण, ते लागते हाय हे. काल त्यांचा होकाराचा फोन आला, फोनवर पुन्हा तोच उजेड, अन् आत्याबाई ओसरीवर एकटी बसली होती, पाहणारं कोणी नव्हतं, तरी खळखळून हसली.