साने गुरुजींचं काम तरुण पोरांना कसं सांगावं? (पुस्तकं नकोत, काम हवंय)

बोरीकाठचा:
नमस्कार मंडळी. आमच्या गावात तरुणांचं मंडळ आहे, नुसतं गणपतीपुरतं नाही, वर्षभर काहीतरी चालू असतं, अभ्यासिका, गावाची सफाई, उन्हाळ्यात लहान पोरांचं शिबिर. यंदा २४ डिसेंबरला साने गुरुजींची जयंती करायचं ठरलंय. पण शाळेत होते तशी नको, फोटोला हार, दोन भाषणं, मग कोणीतरी ‘श्यामची आई’मधला उतारा वाचणार आणि नारळ फुटला की सगळे घरी. पोरांच्या डोक्यात गुरुजी म्हणजे आईवर पुस्तक लिहिणारा, सारखे डोळे भरून येणारा हळवा माणूस एवढंच बसलंय. अमळनेर आमच्यापासून एसटीनं जाऊन येण्याइतकं जवळ, तरी तिथं त्यांनी काय केलं ते एकालाही धड सांगता येत नाही, याचं मला फार वाईट वाटतं. माझी पोरं १५ ते २२ वयाची आहेत, त्यांना भाषण आवडत नाही पण काम दिलं तर करतात. तर मला असं पाहिजे की हा माणूस रोज उठून नेमकं काय करायचा, तरुण पोरं त्यांच्यामागं का गेली, आणि त्यातलं आम्हाला आज काय करता येईल. ज्यांना माहिती आहे त्यांनी सविस्तर लिहा, लांब झालं तरी चालेल.

निवृत्त_मास्तर:
भाऊ, प्रश्न वाचून बरं वाटलं. मी खानदेशातच मास्तरकी केली म्हणून अमळनेरपुरतं लिहितो, बाकीचं इतर लोक सांगतील.

गुरुजी मूळचे कोकणातले, दापोली तालुक्यातलं पालगड, जन्म १८९९. अमळनेरला आले ते शाळेसाठी नाही, तिथल्या तत्त्वज्ञान मंदिरात अभ्यास करायला. पण त्यांचं मन तिथं रमलं नाही आणि १९२४ ला ते गावातल्या शाळेत शिक्षक झाले, आज आपण जिला प्रताप हायस्कूल म्हणतो ती. १९३० ला राजीनामा दिला आणि सत्याग्रहात गेले. म्हणजे मास्तरकी किती वर्षं केली बघा, जेमतेम सहा, आणि ‘गुरुजी’ हे नाव मात्र जन्मभर चिकटलं. हे कशामुळं झालं तर माझ्या मते वर्गातल्या शिकवण्यापेक्षा छात्रालयामुळं.

छात्रालयात खेड्यापाड्यातली पोरं, घरापासून लांब राहिलेली. गुरुजी काय करायचे, पोरं शाळेत गेली की त्यांच्या खोल्या झाडायचे, पसरलेलं सामान नीट लावायचे, मळके कपडे धुवून वाळत घालायचे. कोणी तापानं फणफणला तर रात्रभर त्याच्या उशाशी. ‘खोली घाण का ठेवली’ म्हणून ओरडणं नाही की दंड नाही. आता आपले कपडे मास्तर धुतोय म्हटल्यावर कुठला पोरगा गप्प बसेल? पोरं आपोआप कामाला लागली. आणि यात शिस्त लावायची युक्ती वगैरे नव्हती बरं का, त्यांना खरंच वाटायचं की या पोराची आई इथं नाही तर ते आपण करायचं. पोरांना खरं-खोटं लगेच कळतं, मी ३० वर्षं वर्गात बघितलंय.

दुसरी गोष्ट तुमच्या फार कामाची आहे. छात्रालयातल्या पोरांसाठी ते हातानं लिहिलेलं दैनिक काढायचे, पहाटे उठून स्वतः लिहायचे. जगात काय चाललंय, थोरामोठ्यांच्या गोष्टी, आणि पोरांच्या रोजच्या जगण्यातलंही. पुढं १९२८ ला ‘विद्यार्थी’ नावाचं मासिक सुरू केलं. तुमच्या मंडळाकडं फळा असेलच. एक आठवडा पोरांकडून रोज हातानं लिहून घ्या गावाचं दैनिक, मोबाईलवरून कॉपी केलेलं नाही, गावात हिंडून स्वतः गोळा केलेलं. कोणाची म्हैस व्याली, कुठला हातपंप बंद आहे, कोण आजारी आहे. भाषणाची गरजच पडणार नाही.

रावेरकर_शेतकरी:
मास्तरांनी छान लिहिलंय. मी फैजपूरकडचा म्हणून थोडं टाकतो. डिसेंबर १९३६ ला फैजपूरला काँग्रेसचं अधिवेशन झालं, खेड्यात भरलेलं पहिलं, त्याआधी सगळी शहरांत व्हायची. त्यासाठी गुरुजी गावोगाव हिंडले, आणि अधिवेशन चालू असताना सफाईचं काम अंगावर घेतलं, मैला वाहण्यापर्यंत. एम.ए. झालेला, पोथीपुराणाच्या घरातला माणूस १९३६ साली हे करतोय, हे आजच्या पोरांना नीट समजावून सांगा, कारण तेव्हा ते काम कोणाच्या माथी मारलेलं होतं हे त्यांना सांगितल्याशिवाय त्याचं मोल कळणार नाही.

आणि ते नुसते झाडू घेऊन फिरत नव्हते. १९३८ ला अमळनेरहून ‘काँग्रेस’ नावाचं साप्ताहिक काढलं, अतिवृष्टीनं पीक गेलं तेव्हा शेतसारा माफ व्हावा म्हणून शेतकऱ्यांबरोबर उभे राहिले, गिरणी कामगारांच्या बाजूनं उभे राहिले. स्वतःच्या पक्षाचं सरकार होतं तरी गप्प बसले नाहीत. मवाळ म्हणणाऱ्यांना हे सांगा.

जुना_सेवादलवाला:
मी लहानपणी सेवादलाच्या (राष्ट्र सेवा दल, तरुणांची संघटना) शाखेवर वाढलो त्यामुळं या विषयावर थांबवत नाही, आधीच माफी.

राष्ट्र सेवा दल ४ जून १९४१ ला नव्यानं उभं राहिलं, एस. एम. जोशी पहिले दलप्रमुख. संध्याकाळी मैदानावर शाखा, खेळ, लेझीम, गाणी, मग बौद्धिक. सगळ्या जातीधर्माची पोरं एकत्र, आणि मुली सुद्धा, हे त्या काळात सोपं नव्हतं. संघटना बांधणं, पोरं तयार करणं हे एसेमचं, पण त्या पोरांचा जीव गुरुजींवर.

आता पंढरपूरचं बघा, कारण तरुणांना घेऊन मोठं काम कसं करायचं ते तिथं दिसतं. विठ्ठलाच्या देवळात हरिजनांना प्रवेश नव्हता. गुरुजींनी प्राणांतिक उपोषण जाहीर केलं. तेव्हा सेनापती बापटांसारख्यांनी सांगितलं की आधी लोकांपर्यंत जा. मग त्यांनी उपोषण पुढं ढकललं आणि १९४७ च्या सुरुवातीचे महिने महाराष्ट्र पालथा घातला, बरोबर सेवादलाचं कलापथक, तरुण पोरं गाणी पोवाडे म्हणायची आणि गुरुजी बोलायचे. वाटेत कितीतरी गावांनी आपली देवळं आणि विहिरी खुल्या केल्या. मला स्वतःला हा दौरा उपोषणापेक्षा मोठा वाटतो. पेपरात उपोषण आलं, पण खरं काम गावोगावच्या चावडीवर झालं, आणि ते पोरांनी केलं.

१ मे १९४७ ला तनपुरे महाराजांच्या मठात उपोषणाला बसले. मठात जागा देणारे तनपुरे महाराज स्वतः वारकरी कीर्तनकार, म्हणजे परंपरेतला एक माणूस पाठीशी उभा राहिला, हे पण पोरांना सांगा. गांधीजींपर्यंत चुकीची माहिती गेली होती, त्यांनी उपोषण सोडा म्हणून तार केली, आणि ज्या गांधींच्या शब्दावर नोकरी सोडली त्यांचं सुद्धा गुरुजींनी या बाबतीत ऐकलं नाही. काँग्रेसचे नेते दादासाहेब मावळंकरांनी मध्ये पडून बडव्यांशी, म्हणजे देवळाच्या पुजाऱ्यांशी, बोलणी केली आणि १० मे ला उपोषण सुटलं.

अजून एक, फार कमी लोक बोलतात याबद्दल. १९३२ ला धुळ्याच्या तुरुंगात विनोबा रविवारी गीतेवर बोलायचे, ते सगळं उतरवून घेतलं गुरुजींनी. आज ‘गीता प्रवचने’ आपल्या हातात आहे ती त्यांच्यामुळं. स्वतः एवढा मोठा लेखक, आणि दुसऱ्याचा शब्द सांडू नये म्हणून मान खाली घालून लिहीत बसलेला. कार्यकर्ता म्हणून मला त्यांची ही बाजू सगळ्यात जास्त आवडते.

शिबिर करायचं असेल तर माणगाव तालुक्यात वडघरला साने गुरुजी राष्ट्रीय स्मारक आहे, पोरांना एकदा तिथं न्याच.

ठाण्याची_वाचक:
सगळे प्रतिसाद वाचले, खूप शिकायला मिळालं. एक अवघड विषय काढतेय. ११ जून १९५० ला गुरुजींनी स्वतःचं जीवन संपवलं. तेव्हा ते ५० वर्षांचे होते. बहुतेक भाषणांत हे गाळतात किंवा ‘निधन झालं’ म्हणून पुढं जातात. बोरीकाठ दादा, तुमच्या मोठ्या पोरांना हे कधीतरी कळणारच, इंटरनेटवर दोन मिनिटांत सापडतं, तर ते तुमच्याच तोंडून नीट कळू दे. फक्त त्याला बलिदान वगैरे म्हणू नका, आणि ‘या एका कारणामुळं’ असंही सांगू नका, माणसाचं मन इतकं सरळ नसतं.

मी दवाखान्यात समुपदेशक आहे आणि सामाजिक काम करणारी बरीच मंडळी माझ्याकडं येतात. जो सगळ्यांच्या उशाशी बसतो त्याच्या उशाशी कोणी बसत नाही, हे मी सारखं बघते. म्हणून तुमच्या मंडळात एवढं करा, जो पोरगा सगळ्यात जास्त धावतो ना, फंड गोळा करणारा, रात्री अडीचला रक्त लागलं तरी जाणारा, त्याला अधूनमधून बाजूला घेऊन विचारा तुझं कसं चाललंय, झोप येते का, घरी काय म्हणतात. आणि त्याला सुट्टी द्या, हक्काची. कोणी जगणं नकोसं झालंय असं बोललं तर ते हसण्यावारी न नेता त्याच्याजवळ थांबा आणि डॉक्टरांकडं न्या, टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ नंबर फुकट आहे, मराठीतून बोलता येतं.

बोरीकाठचा:
ताई, हे मी ठरवलं नव्हतं पण आता मोठ्या पोरांशी नक्की बोलणार. आमच्यात एक असाच आहे, तुम्ही लिहिलंय अगदी तसा, कालच त्याला फोन केला.

सगळ्यांचे मनापासून आभार. आता असं ठरतंय की १८ पासून २४ पर्यंत रोज पहाटे फळ्यावर हाती लिहिलेलं दैनिक, पाळीपाळीनं दोघं दोघं. दलित वस्ती आणि गाव दोन्हीकडं एकेक फळा, आणि बातम्या गोळा करायला इकडच्यांनी तिकडं जायचं तिकडच्यांनी इकडं. आमच्याकडं पाण्याच्या टाकीवरून अजून कुरबुर चालते, त्यामुळं काही जण नाराज होतील, होऊ द्या. २४ ला पंढरपूरच्या दौऱ्यावर पोरंच छोटं नाटक करणार, लिहायला घेतलंय. जुना_सेवादलवाला काका, कलापथकात तेव्हा कुठली गाणी असायची, चाली कोणाला येतात का, आवाज रेकॉर्ड करून पाठवता येईल का? आणि मास्तर, अमळनेरला त्या हस्तलिखित दैनिकाचे अंक कुठं बघायला मिळतील का, पोरांना घेऊन यायची तयारी आहे, रविवार सोडून कुठलाही वार सांगा.