मदत हवी आहे : आइस्क्रीमच्या नव्या चवी कोणत्या क्रमाने चाखाव्यात?

नौपाड्यातील आम्ही पाच जण येत्या रविवारी छोट्या प्रमाणावर आइस्क्रीम करणाऱ्यांच्या सहा नव्या चवी चाखून त्यांवर टिपणे लिहिणार आहोत. मागील वेळी पेरू-मिरचीपासून सुरुवात केल्याने तिखट जिभेवर रेंगाळत राहिले आणि नंतरच्या पुरणपोळी आइस्क्रीममधील जायफळ कोणालाच जाणवले नाही. वर पाणी प्यायलो, पण मिरचीचा तिखटपणा पाण्यात नव्हे, स्निग्धांशात विरघळतो, त्यामुळे तेही व्यर्थ गेले. अतिथंड पदार्थाची गोडी जिभेला कमी कळते, म्हणून फ्रीझरमधून काढल्यावर किती मिनिटे थांबावे? (ठाण्याच्या उकाड्यात पाचव्या मिनिटाला वाटीत रबडीच उरते.) दोन चवींच्या मध्ये पाव घ्यावा की कोमट पाणी, आणि आंबट कोकम क्रमात कुठे ठेवावे, हे अनुभवी सभासदांनी कृपया सांगावे.