मदत हवी आहे: कॅल्शियम नसतानाही पेशी एकमेकींना चिकटतात

ई-कॅडहेरिन (कॅल्शियम असताना पेशींना एकमेकींशी जोडणारं प्रथिन) घातलेल्या एल पेशींची (उंदराच्या पेशींचा एक प्रकार) पुंजके-चाचणी लावली आहे, म्हणजे सुट्या पेशी पुन्हा किती चिकटतात ते बघतोय. पेशी सुट्या करायला ०.०१% ट्रिप्सिन (प्रथिनं तोडणारं एन्झाइम) आणि १ मिलिमोलर कॅल्शियम क्लोराइड (कॅल्शियम असलं की ट्रिप्सिन कॅडहेरिन तोडत नाही), मग ट्रिप्सिन थांबवायला सोयाबीन इनहिबिटर, दोनदा धुणं. बफर हेपीसचा, फॉस्फेट मुद्दाम टाळला, कॅल्शियमचा साका नको म्हणून. १% बीएसए (पेशी तळाला चिकटू नयेत म्हणून प्रथिनाचा थर) लावलेली २४ खाचांची प्लेट, प्रत्येक खाचेत अर्धा मिली, ५०,००० पेशी. ३७ अंश, मिनिटाला ८० फेरे, ४५ मिनिटं.

अडचण अशी की १ मिलिमोलर ईडीटीए (कॅल्शियम, मॅग्नेशियम पकडून ठेवणारं रसायन) घातलेल्या खाचेतही पुंजके होतात. कॅडहेरिन नसलेल्या मूळ एल पेशींतसुद्धा! म्हणजे दोष कॅडहेरिनचा नाही. पुंजके घट्ट गोळ्यासारखे नाहीत. लोंबते, चिकट धागे दिसतात. मेलेल्या पेशींचा डीएनए असावा, हा दाट संशय.

पण डीएनएज-१ ला (डीएनए तोडणारं एन्झाइम) मॅग्नेशियम लागतं आणि ईडीटीए तेच ओढून घेतं. मग डीएनएज ईडीटीएआधी मॅग्नेशियमसह १० मिनिटं देऊन धुवावं का? किती प्रमाणात? की ईडीटीए सोडून फक्त कॅल्शियमविरहित बफर पुरेल? धुताना सेंट्रिफ्यूजचा वेग कितपत ठेवता? पेशी तिथेच फुटत असतील का?